एकेरी पलंग

१४ ऑक्टोबर, मंगळवार. रीडिंग, इंग्लंड

आईला व्हिडिओ कॉलवर माझ्या नव्या कॅरॅव्हॅनचा, म्हणजे चाकांवरच्या घराचा, आराखडा दाखवला. चूकच झाली.

मी कौतुकाने शेगडीवरची जागा दाखवत होते. तिथलं कपाट काढायला लावलंय, कारण कुकरची शिट्टी त्याला आपटत होती. शनिवारी डीलरकडे माझा तीन लिटरचा कुकरच घेऊन गेले होते. सेल्समन हसला. टेप लावून चार सेंटिमीटर कमी पडतात हे दाखवलं, मग नाही हसला.

आईने कुकरकडे पाहिलंच नाही.

"पलंग एकटीचाच?"

"राहणार एकटीच आहे ना मी."

"अगं, दुहेरी घे. उद्या लग्न ठरलं तर त्याला काय बाहेर तंबूत झोपवणार?"

हसू आलं, पण दाखवलं नाही. दुहेरी पलंग घेतला तर कामाचं टेबल जातं. म्हणजे अजून न आलेल्या माणसाच्या झोपेसाठी मी रोज आठ तास गादीवर बसून कोड लिहायचा? कायमची तिथेच राहणार आहे मी, सुट्टीला जात नाहीये. घडीचा पलंग चालेल का, असं क्षणभर मनात आलं. कोणासाठी पण? रोज घडी मलाच घालायची.

जेवायच्या आधी ऑर्डर पक्की केली. एकेरी पलंग, टेबल, शेगडीवर मोकळी जागा. आईला तसा मेसेज टाकला.

जेवताना तिचं उत्तर आलं. "कुकर तरी पाच लिटरचा घे."

पाच लिटरच्या कुकरची उंची शोधून पाहिली. शिट्टीसकट बसतो. तिला सांगणार नाही.