सासूबाईंचा फोन मी बदलून दिला

शनिवार, २ मार्च. बर्नी
सासूबाईंचा फोन आजपासून आधुनिक. अल्व्हरस्टोनच्या घरी त्यांच्या भिंतीवर जे यंत्र होतं ते बहुधा टास्मानियात उतरलेल्या पहिल्या कैद्यांच्या जहाजातून आलं असावं. जुनी कंपनी सोडली, 'ब्लूगम'ची इंटरनेटवरची लाइन घेतली. सगळं अॅपवर, सोफ्यावर बसून. नंबर तोच राहणार. तो राहायलाच हवा, कारण कूलगार्डीचे क्लेममामा, म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ, दर रविवारी त्यावर फोन करतात. त्यांना तोच एक नंबर पाठ आहे.
सासूबाई म्हणाल्या, चालू होता ना जावईबापू, मग बोटं कशाला घातलीत? अशा लोकांमुळेच हे बेट मागे राहिलं.
अर्जात त्यांची जन्मतारीख विचारली होती. खरी जन्मतारीख इंटरनेटवर अडाणी लोक देतात. मी सुचली ती दिली. सिक्युरिटी.

रविवार, ३ मार्च
मामांचा फोन आला नाही. येणारच नव्हता. नंबर इकडून तिकडे जायला थोडा वेळ लागतो, हे मी लोर्नाला शांतपणे समजावलं. ती म्हणाली, जुना तर कालच बंद पडलाय. बायकोला तंत्रज्ञान समजावणं म्हणजे बोक्याला पोहायला शिकवणं.

सोमवार, ४ मार्च
ब्लूगमच्या चॅटवर 'गमी' नावाचा यांत्रिक मदतनीस आहे. मी लिहिलं, नंबर आला नाही. तो म्हणाला, नवीन नंबर हवा आहे का? मी लिहिलं, नको. तो म्हणाला, छान, तुमची नवीन नंबराची विनंती रद्द केली आहे. मठ्ठ. मी याच्यापेक्षा हुशार मदतनीस एका दुपारी बनवीन. एप्रिलमध्ये बनवतोच.

बुधवार, ६ मार्च
शेवटी माणूस मिळाला. जोनालिन नावाची मुलगी, मनिलाहून. मी सुरुवातीलाच सांगितलं की राउटर बंद करून चालू करा वगैरे बालवाडी माझ्यापुढे नको. ती म्हणाली, नको सर, फक्त ग्राहकाची जन्मतारीख सांगा. जुन्या कंपनीकडच्या तारखेशी जुळत नाही म्हणून नंबर अडकलाय.
मी एक तारीख सांगितली. नाही. दुसरी सांगितली. तीही नाही. मग सासूबाईंची खरी सांगितली. तीही नाही, म्हणाली. म्हणजे यांच्याकडे खरी तारीखच नाही, आणि चालले कंपनी चालवायला. मी तसं सुनावलं. तिला पोपट म्हणालो. मग नियमाप्रमाणे खातं कुलूपबंद झालं.
तुमच्या संयमाबद्दल आभार, असं म्हणून तिने फोन ठेवला. संयम मी दाखवलाच नव्हता. म्हणजे बाई ऐकतच नव्हती.
एक तारा दिला. शून्य देता येत नाही. हीही त्यांचीच चलाखी.

शनिवार, ९ मार्च
लोर्ना म्हणते, ब्लूगमचं दुकान डेव्हनपोर्टला आहे, जाऊन ये. दुकानात म्हातारे जातात. मी नाही गेलो.
तिने आपल्या मोबाइलवरून मामांना फोन लावून पाहिला. उचलत नाहीत. साहजिक आहे. मागच्या वर्षी कुणीतरी त्यांना गंडवायला बघत होतं, तेव्हा मीच त्यांना बसवून शिकवलं होतं: अनोळखी नंबर उचलायचा नाही, समोरचा कितीही गोड बोलू दे. विद्यार्थी हुशार निघाला. लोर्नाला हे सांगितलं तर तिने डेव्हनपोर्टच्या दुकानाची वेळ लिहून फ्रिजवर चिकटवली.

रविवार, १० मार्च
आजही फोन नाही. गुरुवारी मामांच्या खुब्याचं ऑपरेशन आहे. दोन वर्षं नंबर लागायची वाट पाहिली होती त्यांनी. सासूबाई भिंतीखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या, जिथे जुना फोन होता तिथेच. मी म्हटलं, नवा फोन तिकडे खिडकीपाशी आहे. त्या म्हणाल्या, कुठे का असेना, वाजतोय कुठे?
जाताना मला शिंपल्यांचं सारण भरलेला स्कॅलप पाय बांधून दिला नाही. लोर्नाला दिला.

सोमवार, ११ मार्च. सुट्टी
आज सासूबाईंच्या दारात पोलीस. मामांनीच अल्व्हरस्टोनच्या चौकीला फोन केला होता, की बहीण दोन रविवार फोन उचलत नाही, बहुतेक घरात पडली असेल. कॉन्स्टेबल फर्निहो आला तेव्हा सासूबाई अंघोळीला गेल्या होत्या. हाकेला ओ आली नाही म्हणून त्याने मागचं दार खांद्याने उघडलं. दार गेलं. सासूबाई टॉवेल गुंडाळून बाहेर आल्या आणि त्याला म्हणाल्या, जिवंत आहे रे बाबा, बूट बाहेर काढ.
त्याने तिथूनच आपल्या मोबाइलवरून मामांना कळवलं. नशीब, उचलला; पोलिसांच्या फोनची वाटच पाहत असणार. पण पुढे मामा म्हणाले, गंडवणारे पोलीस म्हणूनही बोलतात, मला माझ्या भाचजावयाने शिकवलंय. सासूबाई स्वतः बोलल्या तर म्हणाले, आवाजही बनवता येतो आता, हेही त्यानेच सांगितलंय. तिच्या नंबरवरून फोन आला तरच मानीन. तोवर ऑपरेशनला जाणार नाही. आणि ठेवला.
एवढं पक्कं शिक्षण आमच्या शाळांतही मिळत नाही.
सासूबाई ओल्या केसांनी तशाच बसून राहिल्या. म्हणाल्या, त्याला दोन पावलं टाकता येत नाहीत हो, जावईबापू. इतक्या हळू आवाजात त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. मी म्हटलं, ब्लूगमला सोडत नाही मी. सडेतोड तक्रार लिहायला घेतली. मथळा चांगला जमलाय.

मंगळवार, १२ मार्च
लोर्नाने सासूबाईंना गाडीत घातलं आणि डेव्हनपोर्टला नेलं. तांत्रिक बाजू सांभाळायला मीही गेलो.
दुकानातल्या बाईने कॉम्प्युटरवर पाहिलं, मग सासूबाईंकडे पाहिलं, मग परत कॉम्प्युटरवर. म्हणाली, आमच्याकडे तुमचं वय एकोणीस दिसतंय.
सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, बरं झालं, या वयात मी तुम्हाला मुलगी दिलीच नसती.
मी सिक्युरिटीबद्दल समजावून सांगत होतो, तेवढ्यात लोर्नाने खरी तारीख सांगितली आणि आईचं पेन्शनकार्ड काउंटरवर ठेवलं. तुम्ही तिकडे बसा, असं बाई मला म्हणाली. तिथे लहान मुलांसाठी ठोकळे होते.
संध्याकाळी नंबर परत आला. माझ्या पाठपुराव्याला शेवटी फळ आलं.
सासूबाईंनी स्वतः मामांना लावला. पहिल्याच रिंगला उचलला त्यांनी. मग सासूबाई म्हणाल्या, अरे रडतोस काय गाढवा, टॉवेलवर होते मी.
लोर्ना स्वयंपाकघरात गेली. मला डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं झालं. त्या मोडक्या दारातून वारा येत होता.

रविवार, १७ मार्च
ऑपरेशन नीट झालं. हे मला दुपारी कळलं, इतरांना गुरुवारीच.
विचार केला, आता सासूबाईंना व्हॉइसमेल लावून द्यावा, म्हणजे असा गोंधळ पुन्हा नको. अॅप उघडलं. आत जाऊ देईना. ब्लूगमला फोन केला. या वेळी कुणी पुरुष होता, अत्यंत सभ्य. म्हणाला, सर, या खात्यावर तुमचं नाव राहिलेलं नाही, खातेदारांनी मंगळवारी काढलं. मी म्हटलं, चूक झाली असेल, मी जावई आहे. तो म्हणाला, हो सर, तशी सूचनाच आहे इथे. मी म्हटलं, वाचा.
त्याने वाचली: 'जावई फोन करील. त्याच्याशी प्रेमाने बोला, पण काहीही करू देऊ नका.'
आणखी काही मदत करू का, असं त्याने विचारलं. खूप प्रेमाने विचारलं.
नको म्हटलं. मागच्या अंगणात लाकडं पडली होती, ती रचत बसलो.