लोण्याचा वास

प्रिय धाकट्या,

तुझ्या चिमणीला, लेकीला घरी पॉपकॉर्न करून द्यायचेत, ते कसे करू, असं तू विचारलंस. खरं तर फोनवरच सांगितलं असतं, पण हल्ली चार वाक्यंही सलग बोलवत नाहीत. म्हणून लिहिते. जाड बुडाचं पातेलं घे. तेल बुडाला पसरेल इतकंच. त्यात मक्याचे तीन दाणे टाकून झाकण ठेव. ते तिन्ही फुटले की तेल तापलं. मग एका थरात बसतील इतकेच दाणे घाल. झाकण जरा तिरकं असू दे, वाफ कोंडली तर ते चिवट होतात. पातेलं हलवत राहा आणि फुटण्याचा आवाज विरळ झाला की उतरव. शेवटच्या दाण्याची वाट बघत बसलास तर खालचे करपतील. वरून मीठ आणि थोडं वितळवलेलं लोणी.

आमच्या पॉपकॉर्नच्या कारखान्यात लोणी नव्हतंच. लोण्याच्या वासाचा अर्क मी अकरा वर्षं तापलेल्या तेलाच्या टाकीत ओतला. झाकण उघडलं की वाफ थेट तोंडावर यायची. मी घरी आले की तू माझे केस हुंगून म्हणायचास, ताई, तुला बघितलं की भूक लागते. मलाही त्याचं कौतुक वाटायचं.

टाकीवर माझ्या जोडीला पैलवान होता. पन्नास किलोचं पोतं एका खांद्यावर टाकून चालणारा माणूस. एक दिवस त्याला जिना चढवेना. मी हसून म्हटलं, "म्हातारा झालास की." तो म्हणाला, "छातीत कुणीतरी बूच मारल्यासारखं वाटतं." सहा महिन्यांत तो गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या वाफेने फुप्फुसातल्या बारीक नळ्या बंद झाल्या होत्या, त्या पुन्हा उघडत नाहीत. त्याच्या बायकोने कारखान्यावर दावा लावला. तोवर मलाही धाप लागायला लागली होती.

व्यवस्थापकांनी मला बोलावलं, खुर्ची दिली आणि एक कागद पुढे सरकवला. मला लहानपणापासून दमा आहे आणि पैलवान कामाला लागला तेव्हापासूनच खोकायचा, असं त्यावर लिहिलं होतं. तू तेव्हा आठ महिने घरी बसून होतास. "तुमच्या भावाच्या नोकरीचं बघू, तुमच्या औषधपाण्याचंही," एवढंच ते म्हणाले. मी सही केली. त्या कागदाच्या जोरावर दावा फेटाळला गेला. कोर्टाबाहेर पैलवानाची बायको माझ्याजवळ आली. वाटलं, तोंडावर थुंकेल. तिने विचारलं, "तुम्ही औषध कुठलं घेता?"

तुला पॅकिंगलाच ठेवतील, असा शब्द त्यांनी मला दिला होता. काल कारखान्यातली मैत्रीण सांगून गेली, सोमवारपासून तुला टाकीवर घेताहेत, माझ्याच जागी. बढती म्हणून तू खूश आहेस म्हणे. धाकट्या, त्या टाकीच्या खोलीत पाऊल टाकू नकोस. तो कागद खोटा होता, हे मी लिहून पैलवानाच्या बायकोकडे दिलंय. पण मला कधीच दमा नव्हता हे सांगू शकेल असं घरचं माणूस तूच उरलायस. तिच्याबरोबर वकिलाकडे जा. कारखाना माझं औषधपाणी बंद करेल, करू दे. माझ्या नळ्या काही उघडायच्या नाहीत. मला काय बोल लावायचे ते नंतर लाव, आधी राजीनामा दे.

तुझीच,
ताई