सोमवारच्या वहीबद्दल काढलेली नोटीस मागे घेणेबाबत

प्रति,
मा. केंद्रप्रमुख,
खाडीकाठ अभिलेख संगणकीकरण केंद्र,
सानपाडा, नवी मुंबई.

विषय : संगणकातील घातक बदल वेळेत कळवल्याबद्दल मला बजावलेली नोटीस रद्द करणे व संगणक पुसण्याचे काम थांबवणे.

संदर्भ : १) आपली कारणे दाखवा नोटीस, दि. १५ सप्टेंबर २०२५.
२) माझी पत्रे, दि. १८ ऑगस्ट, २५ ऑगस्ट व १ सप्टेंबर २०२५ (आवक शिक्का आहे, उत्तर नाही).

महोदय,

१. मी संध्या कमळाकर घरत, राहणार उलवे, आपल्या केंद्रात सहा वर्षे कंत्राटी संगणक चालक आहे. दर सोमवारी चहाच्या आधी मी केंद्रातल्या आठही संगणकांवर कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या प्रोग्रॅमने उघडते ते पाहून वहीत लिहिते. हे काम मला कोणी सांगितलेले नाही. माझे आजोबा दर उधाणाआधी काठी घेऊन खाडीचे पाणी अडवणाऱ्या गावच्या खारबांधावर खेकड्यांची बिळे शोधत फिरत, तेही त्यांना कोणी सांगितले नव्हते.

२. दि. ११ ऑगस्टच्या नोंदी ठीक आहेत. दि. १३ रोजी ठेकेदाराचे तंत्रज्ञ श्री. निशांत सात संगणकांवर पीडीएफ वाचायचा नवा प्रोग्रॅम टाकून गेले. आठवा संगणक आपल्या दालनात, आणि दालन त्या दिवशी बंद होते. दि. १८ रोजी त्या सातांवर पीडीएफ फाइल भलताच प्रोग्रॅम उघडत होता. नाव जवळपास तेच, पण बसलेला तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये. पडद्यावर कागद नेहमीसारखाच दिसायचा, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही. मी कोणावर आरोप करत नाही, तारखा लिहिते.

३. त्याच दिवशी मी लेखी कळवले. अधीक्षक श्री. जयप्रकाश दाभोळे म्हणाले, "गणपतीनंतर बघू." श्री. निशांत म्हणाले, "मॅडम, उघडतंय ना? मग कशाला टेन्शन घेता?" मी आणखी दोन पत्रे दिली. गणपती आले, गेले. दि. ९ सप्टेंबर रोजी कळले की मधल्या काळात ज्या ज्या फाइली उघडल्या गेल्या, त्या सगळ्या कोऱ्या झाल्या आहेत. चारशे बारा कुटुंबांच्या वारस नोंदी त्यात होत्या. राखीव प्रती ठेवणे ठेकेदाराकडे होते. त्याही कोऱ्याच आल्या.

४. त्यात मोरा गावच्या गोजराबाई आहेत, वय चौऱ्याऐंशी. त्यांच्या भावाने मरणाआधी दिलेल्या संमतीचा कागद वाळवीने खाल्ला. अंगठ्यासकट त्याची प्रत फक्त आपल्याकडे होती. ती नसेल तर बाईंचे नाव वारसांच्या यादीत लागणार नाही. खिडकीशी उभ्या राहून त्यांनी विचारले, "माज्या भावाचा अंगठा कुठं गेला गो पोरी? आता तो मी कुठून आनू?" हा प्रश्न श्री. दाभोळे यांना ऐकू आला. ते जेवायला गेले.

५. यानंतर कारवाई झाली ती माझ्यावर. नोटिशीत लिहिले आहे : "सदर बिघाडाची माहिती आपणास सर्वांच्या आधी असल्याने आपला सहभाग नाकारता येत नाही." महोदय, मला राग आला आहे, आणि तो मी योग्य त्या आदरासह येथे नमूद करते. सर्वांच्या आधी माहिती असावी म्हणूनच मी ती वही ठेवत होते. आगीची वर्दी देणाऱ्यालाच आपण काडीपेटी कुठे लपवलीस म्हणून विचारत आहात. शिवाय खुलासा पीडीएफ स्वरूपात द्यावा अशी अट आहे. ती पीडीएफ कुठल्या संगणकावर उघडणार, हे नोटिशीत नाही.

६. येत्या बुधवारी श्री. निशांत सर्व संगणक फॉरमॅट करणार असल्याचे परिपत्रक निघाले आहे. त्याने खोडी जाईल, आणि ती कोणी व केव्हा केली याचा मागही जाईल. मग उरेल फक्त नोटीस आणि तिच्यावरचे माझे नाव. दि. ३० ला माझे कंत्राट संपते. चोर म्हणून मी येथून जाणार नाही. तरी बुधवारचे काम थांबवावे, बाहेरच्या जाणकाराकडून सर्व संगणक तपासावेत आणि नोटीस मागे घ्यावी. मूळ वही जमा करण्याचा नोटिशीतला आदेश मी पाळणार नाही. झेरॉक्स सोबत आहे.

७. आज सोमवार असल्याने सकाळी नोंदी केल्या. आपल्या दालनातला संगणक गेल्या सोमवारपर्यंत साफ होता. गेल्या बुधवारी श्री. निशांत आपल्या खुर्चीत बसून "यंत्रणा निर्दोष" हा अहवाल तयार करत होते. आज तिथेही पीडीएफ तोच प्रोग्रॅम उघडतो आहे. ही माहितीही मला आपल्या आधी आहे. नोटिशीच्या नियमाप्रमाणे माझ्यावर दुसरी नोटीस काढावी. मात्र ती हाताने लिहावी. हा अर्जही मी हातानेच लिहिला आहे.

दि. ३० पर्यंत आपली, आणि त्यानंतरही खरी,
संध्या कमळाकर घरत
दि. २२ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) वहीची झेरॉक्स, पाने ३१.
२) तिन्ही पत्रांच्या शिक्का असलेल्या प्रती.
३) गोजराबाईंचा अर्ज. अंगठा त्यांचा स्वतःचा आहे, भावाचा आपण शोधून द्यावा.