घोडनवरी

मंगळवार, ५ डिसेंबर १९८९. अमळनेर

वर्गात आज एका मुलीनं विचारलं, "बाई, घोडनवरीत घोडा कुठून आला?"

"इथं घोड म्हणजे मोठं. लग्नाचं वय उलटलेली नवरी." मी सांगितलं. हाच शब्द मी एकदा थोरल्या बहिणीला, अक्काला, तोंडावर ऐकवला होता. तिच्यामुळे माझं लग्न अडलं होतं म्हणून. आठवड्याभरात तिनं चोपड्याच्या बिजवराला होकार दिला.

संध्याकाळी ती आली होती. शेवटी विचारलंच, "अक्का, त्या शब्दापायी हो म्हणालीस?"

ती शेंगा सोलत राहिली. "तुझं लग्न व्हायला हवं होतं ना? झालं."

मी माफी मागितली. इतक्या वर्षांनी! तिनं सोललेले दाणे माझ्यापुढे सरकवले आणि चोपड्याची शेवटची एसटी कितीला आहे, ते विचारलं.