सोडण्याचे कारण

तीर्थस्वरूप आईंना,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण तुमचे गुडघे दुखत असताना मी इथे खुशाल आडवी पडते असं कळवणं बरं दिसलं नसतं. गुडघे कसे आहेत? वन्संच्या घराला जिना नाही, तेव्हा बरे असावेत. आठ दिवसांसाठी म्हणून गेलात त्याला सात आठवडे झाले, म्हणजे तिथलं हवापाणी तुम्हाला मानवलेलं दिसतं. (आठ दिवसांसाठी दोन चष्मे आणि जाड शाल बॅगेत गेली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.) इकडे सगळं ठीक. थोरलीची एक दाढ पडली. धाकटी तुमच्या पलंगावर झोपते आणि रुसली की तुमच्यासारखीच भिंतीकडे तोंड करते. तुमचे चिरंजीव आता स्वतःचा डबा स्वतः भरतात. झाकण घरी राहतं.

मंगळवारी नोकरीची मुलाखत झाली. हा विषय तुम्हाला आवडत नाही हे मला ठाऊक आहे. तसं तुम्ही मला काही म्हणाला नाहीत. तांदळाच्या डब्याला म्हणालात, "घरात दोन पोरी, आणि ही निघाली जगाचे काटे तपासायला." डबा गप्प राहिला. मीही. दुसऱ्या दिवशी तुमची बॅग दाराशी होती. तर आई, जगाचे नाहीत. किराणा दुकानांचे, औषध कारखान्यांचे आणि सोनारांचे, एवढेच वजनकाटे त्या कार्यशाळेत तपासायला येतात. थोरलीच्या वेळी सोडेपर्यंत सात वर्षं मी तेच केलं. चिमट्याने प्रमाण वजन उचलायचं, ताटलीत ठेवायचं, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, लिहायचं. असं तीनदा. त्या कामाने मला दोन सवयी लावल्या. तपासणीच्या कागदावर एकही रकाना कोरा ठेवायचा नाही, कारण कोरा रकाना म्हणजे तपासणी झालीच नाही. आणि आकडा चुकीचा लिहिला गेला तर खोडायचं नाही. त्यावर आडवी रेघ मारायची, शेजारी सही करायची. सही म्हणजे, हे मी चुकीचं लिहिलं होतं अशी कबुली.

आता अर्जाचं ऐका. अर्जात आतापर्यंतच्या नोकऱ्यांचा तक्ता होता. संस्था, हुद्दा, वरिष्ठाचं नाव, कधीपासून, कधीपर्यंत, सोडण्याचे कारण. पहिली ओळ सरळ भरली. दुसऱ्या ओळीवर अकरा वर्षं येऊन बसली. शेजारीण म्हणाली, "कौटुंबिक अडचणी" लिही, सगळ्या तेच लिहितात. मी घरात नजर फिरवली. थोरली गणित करत होती, धाकटी टेबलाखाली बसून तिच्या पायाला दोरी बांधत होती. अडचण होती, पण लिहिण्याइतकी नव्हती. तुमच्या चिरंजीवांचं मत पडलं की "सल्लागार" लिहावं. (या घरात माझा सल्ला किती घेतला जातो हे तुम्हाला माहीतच आहे.) मग त्यांनी जेवणाच्या टेबलावर मुलाखतीची तालीम घेतली. स्वतः साहेब झाले, घसा खाकरला, आणि या अकरा वर्षांत आपण काय केलंत असं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत धाकटीने उत्तर दिलं, "ती काही करत नाही, ती घरीच असते." हे तिने आईची बाजू घ्यायची म्हणून सांगितलं. साहेबांना इतकं हसू आलं की तालीम तिथेच संपली. भांडी मी घासली.

ती ओळ कोरी ठेवणं मात्र मला जमेना. शेवटी जे होतं ते लिहिलं. संस्था: घर. हुद्दा: आई. वरिष्ठ: तुमचं पूर्ण नाव. (दुसरं कुणाचं लिहिणार? घडी घातलेले कपडे अकरा वर्षं रोज उलगडून पुन्हा घडी घालणारी व्यक्ती वरिष्ठ नाही तर कोण?) कधीपासून, ती तारीख. सोडण्याचे कारण या रकान्यात बराच वेळ पेन धरून बसले, आणि लिहिलं: सोडलेले नाही.

मुलाखतीला टेबलापलीकडे दोघं होते. एक कार्यशाळेचे प्रमुख, केस पिकलेले, आवाज असा की जणू प्रत्येक शब्द आधी वजन करून घेतलाय. दुसरी आस्थापनेची बाई, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी, हातात माझा अर्ज. आधी प्रात्यक्षिक झालं. चिमटा हातात घेतला तेव्हा हात थरथरला नाही, याचा मला इतका आनंद झाला की वजन ताटलीत ठेवल्यावर मी त्यावर फुंकर घातली. आई, संवेदनशील काट्यासमोर श्वाससुद्धा जपून सोडतात. मी फुंकर घातली. अकरा वर्षं घासावर, खरचटलेल्या गुडघ्यावर, डोळ्यात गेलेल्या कचऱ्यावर फुंकर घालणाऱ्या बाईसमोर काहीही ठेवा, ती दुसरं काय करणार? आकडे सैरावैरा पळाले. प्रमुखांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, संपलं. मग मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि थांबले. हे मात्र मला पूर्वीपेक्षा चांगलं येतं. झोपलेल्या बाळाखालून हात काढायला अर्धा अर्धा तास लागतो, तिथे आकड्याचं काय. शेवटचा आकडा ठरला, त्यानंतरही थोडी थांबले, मग लिहिला. तीनदा. प्रमुखांनी कागद पाहिला आणि म्हणाले, हल्लीच्या मुलांना हे शिकवता येत नाही, त्यांना घाई असते.

म्हणजे काम जमलं, असं मला वाटलं. तेवढ्यात त्या बाईने माझी दुसरी ओळ वाचली. दोनदा वाचली. मग कागद प्रमुखांपुढे सरकवला. त्यांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. सोपा मार्गही त्यांनीच सुचवला. या ओळीवर रेघ मारा, शेजारी सही करा, वर "लागू नाही" लिहा, सोमवारपासून या. पेनही पुढे केलं.

मी पेन घेतलं. रेघ मारायची म्हणून हात कागदावर टेकवला. आणि मग म्हणाले, "साहेब, हा आकडा चुकलेला नाही."

प्रमुखांनी पेन परत घेतलं आणि टोपण लावलं. मग ते म्हणाले, "ठीक आहे. मग नियमाप्रमाणे एक कागद लागेल. वीस तारखेपर्यंत आणा." मी हो म्हणाले. बाहेर आल्यावर जिन्यात बसले आणि स्वतःला नाही नाही ते बोलले. हाती आलेली नोकरी एका रेघेपायी लांबणीवर टाकणारी बाई तुमच्या घरात आहे, हे तुम्ही वन्संना सांगितलंत तरी माझी हरकत नाही.

बाकी क्षेम. वन्संना नमस्कार, आणि त्यांच्या मांजरालाही. तुम्ही त्याला मांडीवर घेऊन दूध पाजता असं ऐकलं. आमच्या मुलींना तुम्ही उभ्याने प्यायला लावायचात.

तुमची सून

ता. क. तो कागद कोणता हे लिहायचं राहिलं. उमेदवाराने आधीचं काम सोडलेलं नसेल, तर तिथल्या वरिष्ठाचं ना हरकत पत्र लागतं. वरिष्ठ तुम्ही. नमुना सोबत जोडला आहे. वागणुकीविषयी शेरा असा एक रकाना आहे, तिथे काय हवं ते लिहा, मी वाचणार नाही. (वाचेन.)

ता. क. दोन. काल तुमच्या चिरंजीवांनी सहज सांगितलं की लग्नाआधी दोन वर्षं तुम्ही टपाल कचेरीत पत्रांची गावांप्रमाणे वर्गवारी करायचात. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या सोडण्याच्या रकान्यात तेव्हा कुणी काय लिहिलं, ते मला विचारायचं आहे. पत्रातून नको, आल्यावर.

ता. क. तीन. नमुन्यात सगळ्यात खाली "हरकत असल्यास कारण" असा रकाना आहे. तो कोरा ठेवलात तरी चालेल. तेवढा एकच.