जांभळ्या दाराच्या घराची बाजू

चि. हॅल्वर यास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

या पत्रात मला एकच विधान सिद्ध करायचे आहे. ते आरंभीच लिहिते, म्हणजे चष्मा सापडेपर्यंत तुला विरोधाची तयारी करता येईल. आमच्या विद्यापीठाच्या आवारातले जांभळ्या दाराचे घर, म्हणजे एलजीबीटी विद्यार्थ्यांचे मदत केंद्र, ज्याला तू ईस्टरच्या फोनवर ‘रुसलेल्या पोरांचा अड्डा’ म्हणालास, ते या आवारातले सर्वांत उपयुक्त घर आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. (अभिमान हा पुरावा नव्हे, हे तर्कशास्त्राच्या पहिल्याच तासाला मी आयुष्यभर सांगत आले. तरी नोंद असू दे.)

तुझा गुडघा कसा आहे? तू ‘चालायचंच’ म्हणशील, तेव्हा ते उत्तर मिळाले असे धरून पुढे जाते. डॅग्नीची प्रकृती उत्तम आहे. चर्चच्या गायकवृंदातल्या प्रत्येकावर ती नाराज आहे, म्हणजे सारे ठीक चालले आहे. तिचा विषय निघालाच आहे, तर एक जुना मुद्दा निकालात काढू. डॅग्नीच्या आणि माझ्या लग्नाला तू आलास, केकचे दोन तुकडे खाल्लेस, फोटोत हसलास, आणि निघताना डॅग्नीचा हात हातात घेऊन मनापासून विचारलेस, ‘भाडं परवडतं ना?’ तेव्हापासून दर नाताळच्या कार्डावर ‘ताई आणि भाडेकरू यांस’ असा मायना असतो. या भाडेकरूने तीस वर्षांच्या सहवासात एक छदाम दिलेला नाही. उलट माझ्या कपाटाचे तीन खण बळकावले आहेत. भाडेकरूच्या कोणत्याही मान्य व्याख्येत ती बसत नाही, एवढेच नमूद करते.

आता मूळ विषय. मी त्या घरात प्रथम गेले ती भांडायला. खिडकीत पाटी होती, ‘इथे सर्वांचं स्वागत आहे’. सर्व म्हणजे सर्व. मग ज्यांना हे घर बंद पाडायचे आहे त्यांचेही? होय म्हणावे तर मूर्खपणा, नाही म्हणावे तर पाटी खोटी. असली पाटी तर्कशास्त्र विभागापासून हाकेच्या अंतरावर लटकत राहावी हे मला सहन होईना. आत केंद्राची प्रमुख लूर्डेस बसली होती. ‘मला जरा बोलायचं आहे,’ एवढेच मी म्हणाले, तोच तिने खुर्ची पुढे केली, कॉफी ओतली, कागदी रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला आणि आजाऱ्याशी बोलावे तशा मऊ आवाजात म्हणाली, ‘सावकाश बोला. तुमच्या वयाच्या बायकाही येतात इथे.’ पाठोपाठ माझ्या हाती एक पुस्तिका आली, ‘घरच्यांना कसं सांगावं’. मी म्हटले, ‘बाई, घरच्यांना सांगून जमाना झाला.’ तिने विचारले, ‘मग काय म्हणाले घरचे?’ मी म्हटले, ‘भाडं परवडतं का, असं विचारलं.’ लूर्डेस इतकी हसली की त्या डब्यातले रुमाल तिलाच लागले. (पुस्तिका सोबत पाठवत आहे. शेवटच्या पानावर ‘घरच्यांनी काय म्हणू नये’ अशी यादी आहे. तुझे वाक्य त्यात नाही. ते कोणाला सुचलेच नसावे.)

पाटीचा आक्षेप मी नंतर यथासांग मांडला. तिने तो शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाली, ‘तुम्ही मंगळवारी येत जा ना. पोरांना वाद घालायला शिकवा. घरी गेल्यावर लागतं त्यांना ते.’ भांडायला आलेल्या बाईचे असे स्वागत झाल्यावर पाटी खरी ठरली. मी हरले, आणि मंगळवारी जाऊ लागले.

माझ्या साठीला तू दिलेला तपकिरी लोकरी कोट कुठे आहे, असे तू विचारशीलच. तो हरवलेला नाही. तो नोकरीला लागला आहे. केंद्राच्या मागच्या खोलीत कपड्यांचा एक लांब दांडा आहे. ज्यांना घरी मनासारखे कपडे कधी घालू दिले गेले नाहीत, त्यांनी तिथून हवे ते न्यावे अशी पद्धत आहे. मला तो येणाऱ्याजाणाऱ्यांचे कोट टांगायचा दांडा वाटला. (‘हवं ते न्या’ असा फलक होता. मी फलकांतल्या तर्कदोषांकडे पाहते. मजकुराकडे दुर्लक्ष झाले.) तासाभराने पाहते, तर जुनिपर नावाची मुलगी माझा कोट घालून आरशासमोर उभी. सहा फूट उंच, घरच्यांनी मुलगा म्हणून वाढवलेली, आणि मुलगी म्हणून आयुष्यातल्या पहिल्या मुलाखतीला निघालेली. खोलीतली सारी पोरे ‘वा वा’ करत होती, त्यावर तिचा विश्वास बसत नव्हता. ती माझ्याकडे वळली. ‘आजी, तुम्ही खोटं बोलत नाही म्हणतात. कशी दिसते मी?’ मी नीट पाहिले. खांद्यांवर तो कोट जसा बसला होता तसा माझ्या अंगावर कधी बसला नव्हता. मी म्हटले, ‘बाह्या किंचित आखूड आहेत. बाकी, नोकरी नाही दिली तर ते लोक गाढव.’ ती गेली. मी शून्याखाली वीस अंशांत, त्याच दांड्यावरची जांभळी विणलेली शाल पांघरून घरी आले. डॅग्नी दारातच म्हणाली, ‘हे काय सोंग?’ मी म्हटले, ‘दान.’ ‘कोणी केलं?’ ‘मी. मला नंतर कळलं.’ ते लोक गाढव नव्हते. जुनिपर आता पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, आणि कोट रोज जातो.

तुझा दुसरा आक्षेप काय होता ते मी विसरले. हरकत नाही, तोही चुकीचाच असणार.

यापुढचे मात्र बसून वाच. थँक्सगिव्हिंगच्या सुटीला आवार ओस पडते. ज्यांना घर नाही, किंवा घर आहे पण तिथे जाता येत नाही, अशी पोरे त्या दिवशी जांभळ्या दाराच्या घरी जेवतात. मी आईच्या पद्धतीने लुटेफिस्क, आपला तो लिबलिबीत मासा, शिजवून नेले. प्रत्येकाने घासभर मासा तोंडात घोळवला आणि ‘वेगळंच आहे’ म्हटले. (याचा अर्थ तुला सांगायला नको.) मी पातेले घेऊन स्वयंपाकघरात गेले, तर तिथे बटाटे सोलत कोण बसले होते? तुझा नातू इवर.

मी विचारले, ‘सुटीला घरी जायचं सोडून तू इथे रे कसा? आजोबांनी येऊ नको म्हटलं?’

‘छे गं आत्याआजी, आजोबा असं कशाला म्हणतील? फोनवर म्हणाले, रस्ते खराब असतील, नाही का. मी म्हटलं, हो, असतील बहुतेक.’

‘मग?’

‘मग ते म्हणाले, बरं तर. मी म्हटलं, बरं तर.’

हॅल्वर, त्या दिवशी रस्ते कोरडे ठणठणीत होते. पस्तीस वर्षे तू जिल्ह्याची बर्फ काढायची गाडी चालवलीस. त्या रस्त्याचे प्रत्येक वळण तुला तोंडपाठ आहे, आणि तुझ्या शेजारी बसून ती वळणे हाच पोरगा शिकला. रस्ता कसा आहे हे तुम्हा दोघांनाही ठाऊक होते. त्याला यायचे नसेल तर अवघडू नये, म्हणून तू त्याला वाट करून दिलीस. त्याने ऐकले, येऊ नकोस. तुला त्रास नको म्हणून तो ‘हो’ म्हणाला. तू ऐकलेस, याला यायचेच नाही. दोन सभ्य माणसांनी मिळून एक चांगला रस्ता बंद केला. आणि हे दोन वर्षे चालले आहे. त्याने स्वतःविषयी तुला सांगितले, त्या रात्री तू म्हणाला होतास, ‘बरं. जेवलास का?’ तो होकार होता की नकार, हे त्या मुलाला अजून ठरवता आलेले नाही. मला विचारतो. मला ते पहिल्या क्षणी कळले. पण मी तुला गोधडीत गुंडाळलेला असल्यापासून ओळखते. त्याच्याकडे तो पुरावा नाही.

नाताळला तू त्याला चिठ्ठीशिवाय मोजे पाठवतोस. ते घालून तो केंद्रात येतो आणि पाय टेबलावर ठेवतो, सर्वांना दिसावेत म्हणून. लूर्डेस रोज पाय खाली घ्यायला सांगते. आणि ज्याला तू रुसलेला समजतोस, तो तिथे काय करतो ते सांगते. एखाद्या नव्या पोराला घरी फोन करून सांगायचे असते, तेव्हा इवर शेजारी बसतो. पलीकडून शिव्या आल्या तरी उठत नाही, रडणे आले तरी उठत नाही. फोन ठेवला की विचारतो, ‘जेवलास का?’ हे तो त्या घरात शिकला नाही. हे त्याला येतच होते. ते चालेल अशी जागा त्याला तिथे मिळाली. जे घर तुझ्या नातवाला तुझ्यासारखे होऊ देते, ते उपयुक्त आहे, हे तू नाकारू शकत नाहीस. विधान सिद्ध झाले.

गुडघ्याला जप. डॅग्नीने आठवण सांगितली आहे.

तुझी,
ताई

ता. क. सोळा मेला, शनिवारी, केंद्रातून पदवी घेऊन जाणाऱ्या मुलांचा समारंभ आहे. प्रत्येकाच्या गळ्यात जांभळा गोफ घालायचा असतो, आणि तो कोणी घालावा हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. लूर्डेसने इवरला विचारले, तर तो म्हणाला, ‘कोणी मोकळं असेल ते चालेल.’ आपल्याकडच्या माणसाने याहून मोठ्याने हाक मारल्याचे मी ऐकलेले नाही. हे सारे पत्र एवढ्यासाठी लिहिले.

ता. क. दुसरा. राहायला आमच्याकडेच ये. भाडे डॅग्नी सांगेल.

ता. क. शेवटचा. एक चूक कबूल करायची आहे, आणि ती सहीनिशी करते. काल इवरने विचारले, ‘आजोबांना कळवलंस का गं?’ मी म्हटले, ‘ते येणार आहेत.’ तो म्हणाला, ‘स्वतः म्हणाले?’ मी म्हटले, ‘हो.’ तो उठून गेला आणि केस कापून आला. माझ्यापाशी त्या विधानाला कसलाही आधार नव्हता. केले तेव्हा ते खोटे होते, हे लिहितानाही खोटेच आहे. शनिवारनंतर ते काय असेल, हे मला ठरवता येत नाही.

बोर्गहिल्ड ट्वेटेन