पाचवी यादी

प्रिय दादा,

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते. दिवसभर यंत्रांच्या बिघाडांचे अहवाल लिहिते, त्यामुळे दुसरी पद्धत हाताला येत नाही.

१. मंगळवार, २ तारीख. तू गेमिंगचा कॉम्प्युटर घरी जोडायचं ठरवलंस. फार महाग नको, अगदी साधाही नको. भाग निवडायचं काम माझ्यावर सोपवलंस. मी पहिली यादी पाठवली. तू "फक्कड" म्हणालास.

२. शनिवार, ६. कॅबिनेट लहान हवं, एका हाताने उचलता यावं, असं कळवलंस. दुसरी यादी.

३. मंगळवार, ९. सत्तावीस इंची मॉनिटर रद्द, चोवीस इंची हवा. स्पीकर रद्द, हेडफोन हवा. तिसरी यादी.

४. शुक्रवार, १२. वायफाय कार्ड हवं. चौथी यादी. त्याच संध्याकाळी तुझा फोन.

५. काल, शनिवार. "सामान घरी पाठवू नकोस, मी तुझ्याकडे येऊन नेईन," असा तुझा निरोप. पाचवी यादी मी केलेली नाही.

ही किराण्याची यादी नव्हे, दादा. तिथे साबण नको म्हटलं म्हणून साखर बदलावी लागत नाही. इथे तू कॅबिनेट लहान केलंस, की मदरबोर्ड लहान घ्यावा लागतो. बत्तीस सेंटीमीटरचं ग्राफिक्स कार्ड आत मावत नाही, म्हणून चोवीसचं शोधायचं. प्रोसेसरवरचा उंच पंखा झाकणाला टेकतो, म्हणून बुटका घ्यायचा. बुटक्याला तो तापट प्रोसेसर झेपत नाही, म्हणून प्रोसेसरही बदलायचा. तू एक ओळ लिहितोस आणि माझ्या दोन संध्याकाळी जातात. वर "अगं, डबाच तर लहान करायचाय!" परकं गिऱ्हाईक असतं, तर दुसऱ्या यादीनंतर त्याला हात जोडले असते.

तरी करत राहिले, कारण मला हा कॉम्प्युटर तुझ्याइतकाच हवा होता. बाबांनी ऑफिसातून आणलेल्या त्या जुन्या खोक्यावर आपण एकाच कीबोर्डवर गाडी चालवायचो. दिशा तुझ्या हातात, ब्रेक माझ्या. "मी सांगेन तेव्हाच दाब, मठ्ठ," असं तू ओरडायचास आणि मी मला पटेल तेव्हा दाबायचे. गाडी आपटली की दोघंही आईकडे एकमेकांची तक्रार घेऊन जायचो. आई म्हणायची, "दोघंही उतरा त्या गाडीतून, आणि ताटं घ्या." आता दर रविवारी दोन घरांतून दोन यंत्रांवर खेळायचं, ही कल्पना तुझीच. मला ती आवडली होती. तसं मी बोलून दाखवलं नाही.

शुक्रवारी वायफाय कार्डाचं वाचलं आणि आधी नुसती चिडचिड झाली. तुझ्या घरात वायफाय कार्ड कशाला? घर बांधताना प्रत्येक खोलीच्या भिंतीतून तू स्वतः इंटरनेटची केबल ओढलीस. मी शिडीवर चढून दुसरं टोक धरलं होतं. वहिनी खाली उभी राहून म्हणत होती, "पोखरा दोघं मिळून. घर पडलं की मी तंबूत जाते, तुम्ही बसा केबल धरून." त्या घरात राहणारा माणूस वायफाय कार्ड मागणार नाही.

मग चारही याद्या शेजारी ठेवल्या. एका हाताने उचलता येणारं कॅबिनेट. कमी जागेत बसणारा मॉनिटर. भिंतीपलीकडे आवाज जाऊ नये म्हणून हेडफोन. आणि काल, घरी न पाठवायचं सामान. बिघाड शोधताना मी लक्षणं लिहिते आणि त्या सगळ्यांना पुरेल असं एकच कारण शोधते. इथे एकच सापडलं. तू त्या घरात राहत नाहीस. कुठेतरी भाड्याच्या खोलीत आहेस, आणि तिथेही फार दिवस राहायचं की नाही, हे तुझं ठरलेलं नाही.

वहिनीला फोन केलेला नाही. ते तुझ्या पाठीमागे चौकशी करणं झालं असतं. कोणालाही काही बोललेले नाही.

शुक्रवारच्या फोनबद्दल मात्र लिहायलाच हवं. तू विचारलंस, "काय म्हणतेस, बरी आहेस ना?" असं तू कधी विचारत नाहीस. मी म्हणाले, "ग्राफिक्स कार्डाची लांबी बघितलीस का?" तू म्हणालास, "तू सांगशील तसं." मी पुढची सात मिनिटं पंख्याची उंची समजावून सांगितली आणि फोन ठेवला. तू त्या दिवशी कॉम्प्युटरसाठी फोन केला नव्हतास. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. चारही याद्यांमधली प्रत्येक चूक मला दिसली, आणि समोर बोलणारा माणूस दिसला नाही. गेले दोन दिवस मी तुझ्यावर चिडले आहे, पण त्यातला मोठा वाटा माझ्या स्वतःवरच्या रागाचा आहे. म्हणूनच फोन न करता मेल लिहिते आहे. फोनवर मी पुन्हा मापंच सांगत बसेन.

आता हे आजच का लिहिते आहे ते. आईबाबा येत्या शनिवारी, २० तारखेला, सकाळच्या गाडीने तुझ्याकडे आठ दिवस राहायला येणार आहेत. तुला चकित करायचंय, म्हणून आईने मला शपथ घातली होती. ती मी इथे मोडते आहे. बाबांनी हत्यारांची पिशवीही भरून ठेवली आहे, तुझ्या स्वयंपाकघरातला नळ गळतो म्हणे. ते दोघं पिशव्या घेऊन दारात उभे राहतील आणि दार वहिनी उघडेल. तू कुठे आहेस हे त्यांना सांगायचं काम तिच्यावर पडू नये, आणि त्यांनी ते दारात उभं राहून ऐकू नये. तू त्यांना स्वतः सांग, किंवा मला सांग, मी काही कारण काढून त्यांना थांबवते. माझं अनुमान चुकलं असेल, तर तेही कळव. चुकल्याचा अहवाल मी आनंदाने लिहीन. बरोबर असेल, तर माझ्याकडची मागची खोली रिकामी आहे आणि मी काही विचारणार नाही. गुरुवारी, १८ तारखेला, संध्याकाळी सहापर्यंत मला उत्तर दे.

तुझीच,
धाकटी